निरोगी गट

मुलुंड (पूर्व),
१९ जानेवारी २०२५

चि. गार्गी हिस,

हातातला चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी जिन्याकडे वळले, तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेतली शीतल भिंतीसमोर अजून बोलतच होती. लिफ्टसाठी थांबले नाही. पायी उतरले, बाहेर रिक्षा केली. घरी पोचेपर्यंत तुझे बरेच फोन येऊन गेले. ते घेतले नाहीत, म्हणून हे पत्र.

घरच्यांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस आहे, ये, असं तू म्हणालीस. अंधेरीच्या त्या औद्योगिक वसाहतीत आमची मुलगी नेमकं काय करते ते एकदाचं कळेल म्हणून मी तिळगुळाचा डबा घेऊन आले. दादा-वहिनींना घ्यायला तू खाली गेलीस. मी एकटीच तक्ते बघत फिरत होते. मेंदूची चित्रं होती, पेशींचे फोटो होते. पुढच्या तक्त्यावर माझा अ होता. त्याच्या शेजारी माझा उ आणि माझा आ. कोपरापासून बोटांपर्यंत भरतील एवढी मोठी अक्षरं. खाली तीच तीन अक्षरं पुन्हा, तेवढ्याच पटीने मोठी केलेली, पण वरच्यांपेक्षा बारकी. मधे तांबड्या रेघा आणि आकडे.

शीतलने मला कधी पाहिलेलं नाही. ती कुणाच्या तरी वडिलांना समजावून सांगत होती की या निरोगी गटातल्या एक बाई आहेत, दर पंधरवड्याला पत्र लिहितात, आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर हीच तीन अक्षरं असतात, त्यामुळे मोजायला फार सोपं जातं. त्या गृहस्थांनी विचारलं, बाईंना हे माहीत आहे का. ती म्हणाली, माहीत नाही म्हणून तर खरं अक्षर मिळतं. मग त्यांनी विचारलं, अ. उ. आ. म्हणजे काय. ते तिला सांगता आलं नाही.

मला सांगता आलं असतं. अनेक उत्तम आशीर्वाद.

अनंत गेले त्यानंतर दीड महिन्याने तुझं पहिलं पत्र आलं. सांत्वनाची बाकी सगळी पत्रं ‘गं. भा.’ने सुरू झाली होती. तुझ्या पत्रावर नुसतं ‘कुंदाआत्या’ होतं. फोनवर मी सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगते, पत्रात तरी खरं लिही, असं तू लिहिलं होतंस. सोबत कोऱ्या कागदांचं पॅड आणि एका जातीची सहा पेनं. संपली की पुन्हा पाठवायचीस. तुझं अक्षर या पेनाने शोभतं, डोक्यावरची रेघ सोडू नकोस, असंही लिहायचीस. मी शेजारी रत्नप्रभाला ती पेनं दाखवून आले होते. भाचीने पाठवली म्हणून.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझी पत्रं तू वाचलीस की नुसती मोजलीस? आणि खालची अक्षरं बारकी का आहेत?

पत्रं परत पाठव. आज वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही.

कुंदा

◆

बोरिवली (पश्चिम),
२३ जानेवारी २०२५

ती. कुंदाआत्यास साष्टांग नमस्कार.

रविवारी आले होते. बेल वाजवून वाजवून थकले. रत्नप्रभामावशी दार उघडून म्हणाल्या की तू घरातच आहेस, टीव्हीचा आवाज येतोय. मग गेले.

तो तक्ता तुला दिसणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शीतलने तो आदल्या दिवशी लावला. पण तक्ता काढून ठेवला असता तरी मी केलं ते केलंच असतं, म्हणून त्याची सबब सांगत नाही.

काय केलं ते लिहिते. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहान पुंजका असतो. हालचाल सुरळीत ठेवणारं द्रव्य त्या पेशी तयार करतात. कंपवातात त्या मरत जातात. का मरतात ते अजून पुरतं कुणालाच उलगडलेलं नाही. आजार बाहेर दिसायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. त्रास कमी करणारी औषधं आहेत, आजार थांबवणारं नाही. थांबवण्यासाठी जी करून पाहिली ती कदाचित फार उशिरा दिली गेली असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून तो आधी ओळखायचा. अक्षर आधी बदलतं. ओळ सुरू होते तेव्हा ठीक असतं आणि पुढे पुढे बारीक होत जातं. आपल्या लिपीत तर डोक्यावरची रेघ आपण शब्द झाल्यावर, फारसं न बघता ओढतो. तिथे फरक लवकर सापडेल असं मला वाटलं. ही कल्पना माझी होती.

दवाखान्यात कागद पुढे ठेवला की माणूस शाळेत असल्यासारखं जपून लिहितो. मोजलं जातंय हे ज्याला माहीत आहे, त्याचं अक्षर निराळं पडतं. आजाऱ्यांशी ताडून बघायला निरोगी माणसंही लागतात. तू निरोगी होतीस, नेमाने लिहिणारी होतीस. पत्र ज्याला आलं त्याचं असतं, तेव्हा ही पत्रं माझी आहेत, असं मी स्वतःला पटवलं. सरांनी परवानगीचं विचारलं तेव्हा घेतली आहे असं सांगितलं.

वाचली का, असं विचारतेस. प्रत्येक पत्र आधी वाचलं. काकांचा डबा तू अजून घासून ओट्यावर पालथा घालतेस हे मला माहीत आहे, ते मशीनला माहीत नाही. मी तुला लिहिलं त्यातलं काही खोटं नव्हतं.

अक्षर बारीक होण्याला शंभर कारणं असतात. चष्मा, थंडी, वय, कंटाळा. त्याचा विचार करत बसू नकोस. तुझी चिपळूणची पत्रं बाबांनी दिली, त्यातही अक्षर कुठे कुठे बारीक आहेच. तरी नेहमीची तपासणी म्हणून एकदा डॉक्टरांकडे जाऊन आलीस तर बरं. मी सोबत येईन.

रागाव, पण दार उघड.

तुझी,
गार्गी

◆

मुलुंड (पूर्व),
२७ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणत होती, तू जिने चढायचं सोडून दिलंस आणि वजन वाढलं की लिफ्टला दोष देतोस. इकडे थंडी आहे. सोसायटीच्या फळ्यावर नोटिसा अजून मीच लिहिते. सहदेव सेक्रेटरी झाल्यापासून दर वेळी म्हणतो, मावशी जरा मोठं लिहा, खालून वाचता येत नाही. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितले होते.

आता विचारायचं ते. चिपळूणची पत्रं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी पहिली नेमणूक तिथे झाली, तेव्हा आईला मी जेवणाखाण्याचं लिहायचे आणि तुला बाकीचं. ज्या माणसाशी मला लग्न करायचं होतं त्याच्याबद्दल फक्त तुला लिहिलं होतं. तू चिपळूणला आलास, नाही म्हणून समजावलंस, आणि मी ऐकलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, अनंतसोबत माझं आयुष्य चांगलं गेलं. पण माझ्या लग्नाच्या आधी तू मला सांगितलं होतंस की ती पत्रं फाडून टाकली, आता मनातून काढून टाक. मी काढून टाकलं. अनंतला कधी कळलं नाही. पत्रं फाडलीच नव्हती, हे मला तुझ्या मुलीच्या पत्रात, दुसरंच काही सांगताना, वाचायला मिळालं.

तू ती कुणाच्या हाती दिलीस, दादा? तिथे पंचविशीतली मुलं आहेत. मशीनवर एकेक पान ठेवायला कुणीतरी ते हातात घेतलंच असेल.

आणखी एक. ‘नेहमीची तपासणी’ हे शब्द मला दिवाळीत वहिनीने सांगितले, डिसेंबरात तू फोनवर सांगितलेस, आता गार्गीने लिहिले. तिघांचे शब्द एकच आहेत. मी तीस वर्षं लोकांचे फोन जोडत होते. ठरवून बोललेलं मला कळतं.

मला वास येत नाही हे मी गार्गीला मागच्या वर्षी लिहिलं होतं. दूध करपून पातेलं काळं झालं तरी कळलं नाही. कोविडनंतर होतं असं, असं तिने उलट लिहिलं. मी वाचून सोडून दिलं. आता ते पत्र पुन्हा काढून वाचलं.

काय आहे ते तू लिही. मोठा आहेस, तूच लिही.

तुझा लोभ मला लहानपणापासून आहे. तो आज मागत नाही, उत्तर मागते.

तुझी,
कुंदा

◆

बोरिवली (पश्चिम),
१ फेब्रुवारी २०२५

चि. गं. भा. कुंदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे. तुझी वहिनी माझ्या वजनावर बोलते, पण शिरा ती करते हे कुणाला सांगत नाही.

तू नेहमीसारखी एकाचं दहा केलंस. चिपळूणची पत्रं फाडली नाहीत, हे खरं. फाडायला घेतली होती. मग वाटलं, राहू देत, बहिणीचं अक्षर आहे. माळ्यावरच्या पेटीत पडून होती. गार्गीने जुनं अक्षर मागितलं, मी पेटी दाखवली. त्यात काय लिहिलंय ते माझ्या डोक्यातूनही गेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी आता कोण वाचतंय? आणि वाचल्या तरी त्या मुलांना आपली मोडी काय आणि मराठी काय, सारखंच. शास्त्राचं काम आहे. कुणाचं तरी भलं व्हावं, एवढाच हेतू. मुलीने तीन वर्षं राबून उभं केलेलं काम आहे, त्याचाही विचार कर. तिच्या सरांनी आता तिला बोलावून घेतलंय. मुलगी दोन दिवस जेवलेली नाही.

तपासणीचं म्हणशील तर साठीनंतर सगळ्यांनीच करावी. मी दर वर्षी करतो.

आजार वगैरे तुला काही नाही. हे मी गार्गीला गणपतीतच तोंडावर सांगितलं. आजाराचं नावच कंपवात. दिवाळीत मी तुझ्या हाताकडे नीट लक्ष ठेवून होतो. पणत्यांत तेल ओतत होतीस, एक थेंब बाहेर पडला नाही. कंपच नाही तर कंपवात कुठून येणार? यंत्राने काहीतरी दाखवलं म्हणून माणूस आजारी होत नाही. उगाच तुझ्या डोक्याला घोर कशाला, म्हणून तुला बोललो नाही. अनंतराव गेल्यापासून तू एकटी असतेस, हे मला दिसत नाही का?

मोठा आहे म्हणून लिही म्हणालीस. मोठा आहे म्हणूनच गप्प बसलो होतो.

राग सोड आणि शिवरात्रीला इकडे ये. साबुदाणा भिजवायचं तुझ्यावर सोडलंय.

तुझा,
दादा

◆

बोरिवली (पश्चिम),
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदा,

मी किराण्याच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. फोन केला तर हे शेजारी येऊन उभे राहतात आणि मधे मधे बोलतात. म्हणून लिहिते. त्यांचं पत्र पोस्टात जाण्याआधी मी वाचलं. ते पत्र नाही, फोडणीचा भात आहे. आहे तेवढं सगळं घातलंय आणि खाली काय आहे ते दिसू नये म्हणून ढवळलंय.

गौरी जेवल्या त्या दिवशी, तू मुलुंडला परत गेल्यावर, गार्गीने टेबलावर सांगितलं. ती म्हणाली, आत्याला निरोगी गटातून काढावं लागणार. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काढा, दुसरी बाई घ्या. मग तिने समजावून सांगितलं. वर्षभर तुझं अक्षर उतरतंय. तिला वाटलं मशीन चुकतंय. तिने तीनदा मोजलं. वासाचं तू लिहिलंस तेव्हा तिची खात्री झाली, पुष्कळांना आधी वासच जातो म्हणे. पण डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काही म्हणता येत नाही, असंही ती म्हणाली.

तिला तुला लगेच सांगायचं होतं. हे म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर म्हणाले, संक्रांत होऊ दे. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते सोयीचं झालं, गं. तुला सांगितलं असतं तर पत्रं कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मग पत्रं थांबली असती. माझी मुलगी आहे म्हणून मी हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

आणि मी. गणपतीत तू मोदकांना कळ्या पाडत होतीस. तुझ्या एकवीस कळ्या मोजून आम्ही तुला चिडवायचो, आठवतं ना. या वेळी एका बाजूच्या कळ्या नीट होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या चिकटून गेल्या होत्या. तू म्हणालीस, पिठी जाड आली. मी म्हटलं, हो, गिरणीवाल्याचं काय सांगावं. पिठी मीच दळून आणली होती, चांगली होती. त्या दिवशी मला कारण माहीत नव्हतं. दिवाळीत माहीत होतं, आणि चकल्या पाडताना मी तुझ्या हातांकडे बघत बसले होते. तू माझ्याशी बोलत होतीस आणि मी हातांकडे बघत होते.

तुला काय हवं ते कर. आमच्याकडे शिवरात्रीला नाही आलीस तरी चालेल, साबुदाणा मला भिजवता येतो.

तुझी,
रेवती

◆

बोरिवली (पश्चिम),
९ फेब्रुवारी २०२५

ती. कुंदाआत्यास साष्टांग नमस्कार.

आईने तुला लिहिलं हे तिने काल सांगितलं. मग मला लपवायला काही राहिलं नाही. हे वाक्य लिहून बघितलं तर चांगलं दिसत नाही, पण खरं आहे.

सप्टेंबरापासून मला माहीत होतं. संशय त्याच्या आधीपासून. वासाबद्दल तू लिहिलंस तेव्हा मी उत्तराचा मसुदा दोन वेळा केला. एकात डॉक्टरांकडे चल असं लिहिलं होतं. दुसऱ्यात कोविडचं. दुसरा पाठवला. त्या आठवड्यात आमचे आकडे परदेशी एका परिषदेला जायचे होते.

आत्या, मी तुला एकदा तरी न मोजता वाचत होते का, हे मी आता स्वतःला विचारते. पहिल्या वर्षी होते. पाकीट फोडून आधी शेवटचं पान वाचायचे, तू कोणाची नक्कल केली आहेस ते बघायला. मागच्या वर्षी पाकीट फोडलं की नजर आधी वर जायची, त्या तीन अक्षरांवर. ती लहान दिसली की घाबरायचे. मोठी दिसली की दिवस चांगला जायचा. हेच तुला सांगता आलं असतं, सांगितलं नाही.

आता कामाचं लिहायला हवं. सरांना सगळं कळलंय. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. तू परवानगी दिली नाहीस तर तुझं एकेक पान, चिपळूणची धरून, काढून टाकायचं. ते न्याय्य आहे. दुसरी गोष्ट अशी, की निरोगी म्हणून सुरू झालेलं आणि आपल्याला काही होतंय याची कल्पना नसताना तीन वर्षं लिहीत राहिलेलं माणूस आमच्याकडे दुसरं नाही. कुठेच फारसं नसेल. आजार यायच्या आधी काय दिसतं हे विचारायला लोक मेलेल्यांची जुनी कागदपत्रं धुंडाळतात. तुझ्या पत्रांत ते सलग आहे. तुझ्याशिवाय हा शोधनिबंध उभा राहत नाही. माझ्या नोकरीबद्दल म्हणत नाही, ती जायची तर जाईल. पुढे ज्यांना लवकर कळेल आणि लवकर औषध मिळेल, त्यांच्याबद्दल म्हणते.

हे तुझ्याकडे मागताना मला लाज वाटते, तरी मागते. तू हो म्हणालीस तर तक्त्यावर, निबंधात, कुठेही तुझं नाव येणार नाही.

डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते. तू फक्त दिवस सांग. कामाचा आणि याचा संबंध नाही. तू नाही म्हणालीस तरी मी येईन.

लोभ राहिला असेल तेवढ्यावर,
गार्गी

◆

मुलुंड (पूर्व),
२० फेब्रुवारी २०२५

चि. गार्गी हिस,

डॉक्टरांची वेळ घेऊ नकोस. मी जाऊन आले. मंगळवारी, घाटकोपरला. रत्नप्रभा सोबत होती. तिने रिक्षात मला मटार सोलायला दिले, हात रिकामे राहू नयेत म्हणून.

डॉक्टर चाळिशीचे आहेत. आधी मला पॅसेजमध्ये चालायला लावलं. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, उजवा हात नेहमी असा अंगाशी धरता का. मी म्हटलं, धरत नाही. रत्नप्रभा म्हणाली, धरतेस. मग अंगठा आणि पहिलं बोट भरभर टेकवायला सांगितलं. डावा हात बरा चालला. उजवा सुरुवातीला चालला आणि मग अडकायला लागला. एक वाक्य लिहून घेतलं. मी जपून लिहिलं. तरी त्यांना दिसायचं ते दिसलं.

सुरुवात आहे, असं ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की मला कंप नाही. ते म्हणाले, या नावाने पुष्कळ घरं फसतात, सगळ्यांना कंप येत नाही, निदान आधी येत नाही. तुझ्या वडिलांना हे सांग. गोळ्या सुरू केल्या आहेत. रोज चालायचं, मोठी पावलं टाकायची, मोठ्याने बोलायचं. रत्नप्रभा म्हणाली, मोठ्याने बोलायचं औषध हिला लागणार नाही.

बाहेर पडल्यावर मी हॉस्पिटलच्या आवारात बाकावर बसले. घाबरले होते. ते लिहायला हरकत नाही. मी उद्या कशी असेन हे मला आता माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं, पण आधी तो प्रश्न पडत नव्हता. अशी मी पाच महिन्यांपूर्वीच घाबरू शकले असते. पाच महिने कोणी तरी माझ्या जागी घाबरून घेत होतं आणि मला पेनं पाठवत होतं.

आता तुझ्या मागण्याचं.

तुझं काम खोटं आहे असं मला वाटत नाही. तुझं पत्र मी डॉक्टरांकडे जाण्याआधी वाचलं आणि आल्यावर पुन्हा वाचलं. त्यांना विचारलंही. अशी पत्रं मिळाली तर उपयोग होईल का, नाव न घेता विचारलं. होईल, म्हणाले. तेव्हा मी नाही म्हटलं तर काही लोकांचं नुकसान होईल, हे मला कळतं. ते कळून लिहिते.

माझी परवानगी नाही. चिपळूणची पत्रं आणि नंतरची सगळी काढून टाका. मूळ कागद परत पाठव. चिपळूणचे माझ्याकडे पाठव, दादाकडे नको.

तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, हे तुलाही माहीत आहे. सांगून लिहिलेलं अक्षर निराळं पडतं, असं तू म्हणतेस. पडलं असतं. महिनाभर जपून लिहिलं असतं, मग विसरले असते. मी काही जन्मभर जपून लिहिणारी बाई नाही. अनंत गेल्यावर मी कोणाशी तरी बोलत होते. ते बोलणं कशासाठी आहे हे एकीला माहीत होतं आणि एकीला नव्हतं. निबंधात हे कुठे लिहिणार होतीस?

यापुढे पत्र लिहीत जाऊ नकोस. मीही लिहिणार नाही. कधी वाटलं तर फोन कर, उचलेन. पेनं उरली होती ती सहदेवच्या मुलींना दिली.

दादाला सांग, शिवरात्रीला येत नाही. वहिनीला सांग, तिचं पत्र पोचलं. तिला वेगळं लिहीन म्हणत होते, पण काय लिहायचं ते अजून सुचत नाही. तिने खरं लिहिलं आणि तिनेही गौरी-गणपतीपासून धरून ठेवलं होतं. दोन्ही तिचंच आहे.

तू नीट जेव. तुझ्या नोकरीचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. भाची आहेस, ती राहशील. बाकी काय राहील ते आत्ता सांगता येत नाही.

कुंदा

ता. क. काल पाकीट बंद करायचं राहिलं, म्हणून लिहिते. मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्या विभागातही या आजाराच्या लोकांची नोंद ठेवायचं काम चालतं, यायचं की नाही ते सावकाश ठरवा, नाही म्हणालात तरी गोळ्या याच मिळतील. आज सकाळी मी तिकडे गेले. रत्नप्रभा येते म्हणाली, पण एकटी गेले. तिथल्या मुलीने काय काय करणार ते सगळं मराठीत वाचून दाखवलं, मग काही विचारायचं आहे का म्हणाली. मी विचारलं, पत्रं द्यावी लागतील का. ती म्हणाली, पत्रं नकोत, तीन महिन्यांनी एकदा यायचं, समोर बसून चार ओळी लिहायच्या आणि रक्त द्यायचं, नको वाटेल तेव्हा थांबायचं. मी हो म्हटलं.